कुंपणापलीकडे टेनेसी

मंगळवार, ३ मे

आज मी दोन अनोळखी पुरुषांना स्वतःच्या तोंडाने 'आत या' म्हणाले आणि त्यांनी माझ्या आईचं कपाट उपसलं. चूक किती माझी आणि किती त्यांची हे अजून ठरत नाही, म्हणून घडलं तसं लिहिते.

शाळेतून येऊन पर्स ठेवते आहे तोच पोर्चवर बूट वाजले. दोघांतल्या थोराड माणसाच्या छातीवर जाड काळं जाकीट, कमरेला पिस्तूल. पण मला पाहताच त्याने हॅट काढली.

"मॅम, मी कॉय स्टॅम्पर. आर्लिस प्रुइट इथेच राहतो ना?"

"माझा धाकटा भाऊ. सॉ मिलवर गेलाय. या ना, आत या. गार चहा घ्याल?"

या पोर्चवर आलेल्या माणसाला दुसरं काही म्हटलेलं मी जन्मात ऐकलेलं नाही. विमा विकणारे, दारोदार धर्म सांगणारे, रस्ता चुकलेले, सगळे आमच्या स्वयंपाकघरात बसून गेलेत.

कॉयने अर्धा ग्लास चहा प्यायला आणि उठून थेट आईच्या खोलीत गेला. पलंगाखाली पाहिलं, कपाटाची दारं उघडली, खणसुद्धा ओढून पलंगावर रिकामा केला. केसांच्या जाळ्या, जुने चष्मे, भेटवस्तूंवरून सोडवून जपलेल्या रिबिनी. अडतीस वर्षांचा पुरुष खणात लपेल असं त्याला वाटलं का? मी विचारलं. तो म्हणाला, "पत्ते सापडतात, मॅम."

मी झडतीचं वॉरंट मागितलं. त्याने टेबलावरच्या उत्तरपत्रिकांकडे पाहिलं. "नागरिकशास्त्र शिकवता वाटतं? मग तुम्हाला सांगायला नको. वॉरंटाची ती अट सरकारला आहे. मी सरकार नाही. मी जामीन देणाऱ्या कंपनीचा माणूस."

हे खरं आहे. जामीन चुकवणाऱ्यांना पैशासाठी धरून आणणाऱ्या बाउंटी हंटरला घटनेतली वॉरंटाची ती दुरुस्ती अडवत नाही, हे मी दर वर्षी शिकवते. मुलं त्यावर हसतात.

आर्लिसचं प्रकरण असं. गेल्या शरदात परवाना निलंबित असताना गाडी चालवली म्हणून त्याला पलीकडे टेनेसीत पकडलं. तिथे पोलिसाशी हुज्जत घातली ती वेगळी. व्हर्लमामाने आपली खालची जमीन तारण लिहून देऊन कंपनीकडून त्याचा जामीन करून घेतला. मार्चात ज्या दिवशी तारीख होती त्याच दिवशी आई गेली. आर्लिस तिच्या उशाशी होता, कोर्टात नव्हता. आणि पुढे भीतीने गेलाच नाही. हे पुढचं मी लोकांना सांगताना गाळते. इथे गाळणार नाही.

जाताना कॉयने ग्लास संपवला आणि चहाबद्दल आभार मानले.

बुधवार, ४ मे

शेरीफच्या कचेरीत तक्रार दिली. लेस्टर आता तिथे डेप्युटी आहे. माझ्या वर्गात काठावर पास झाला होता.

"मिस प्रुइट, त्यांनी दार मोडलं?"

"नाही."

"ढकलून आले?"

"मी आत या म्हणाले."

त्याने पेन खाली ठेवलं. "मग?"

"लेस्टर, तू माझ्याकडे जेवायला आलास म्हणजे माझ्या आईचा खण उपसायची परवानगी झाली का?"

"नाही, मॅम. पण मग तुम्ही त्यांना 'निघा' म्हणालात का? म्हणालात आणि तरी ते थांबले असतील तर गोष्ट वेगळी."

मी 'पुरे झालं आता' म्हणाले होते. पुरे म्हणजे निघा का? आमच्याकडे होतं. पाहुण्याला कोणी निघा म्हणतं का? पण कायद्यात होतं की नाही कोण जाणे. तक्रारीत मी नेमके तेच शब्द लिहिले, जास्तीचा एकही नाही. लिहिताना मोह झाला होता.

दुसरा मुद्दा भक्कम आहे. आमच्या केंटकीत पैसे घेऊन जामीन राहण्याचा धंदाच बेकायदा आहे. बाहेरच्या राज्यातल्या कंपनीला इथून माणूस उचलायचा तर आधी इथल्या न्यायाधीशाकडे जावं लागतं. लेस्टर म्हणाला, "पण त्यांनी कुणाला उचललं कुठे?" मी म्हटलं, "घरी कोणी नव्हतं म्हणून. तुझ्या घरातून चोर रिकाम्या हाताने गेला तर तू त्याला पाहुणा म्हणशील?"

तो हसला आणि तक्रार नोंदवून घेतली.

शनिवार, ७ मे

फाटकाला पाटी लावली: परवानगीशिवाय प्रवेश नाही. मामेबहीण वाँडा ती पाहून पोट धरून हसली. "रॉन्डा, तू? खाली लिही, 'आणि आलातच तर केक ओट्यावर आहे.'"

तिच्याबरोबर व्हर्लमामाही आला होता. आर्लिस त्याच्यासमोर मान वर करत नाही. त्याच्यामुळे मामाची जमीन टांगणीला लागली आहे. मामाने घेवड्याची उसळ नुसती चिवडली. मक्याची भाकरीही तशीच ठेवली. मग एकदम विचारलं, "डेकोरेशनला हा वर येणार का?"

डेकोरेशन बाविसला. वर्षातून एकदा सगळं कूळ डोंगरावरच्या दफनभूमीत जमतं, थडग्यांवर फुलं वाहतं आणि तिथेच टेबलं मांडून जेवतं. अडचण एवढीच की राज्याची हद्द आमच्या घरामागच्या कुंपणावरून जाते. आजोबा म्हणत, आपण जेवतो केंटकीत आणि पुरले जातो टेनेसीत. आजवर हा विनोद होता. आता आर्लिस घरात असला तर त्याला हात लावता येत नाही. कुंपण ओलांडून आईच्या थडग्यापाशी गेला तर लावता येतो.

"येणार," आर्लिस म्हणाला.

"नाही येणार," मी म्हणाले.

मामा दोघांकडे पाहत राहिला. त्याचा चेहरा फार उतरलाय. रक्तदाब तपासून घ्या म्हणून मी मागे लागले.

गुरुवार, १२ मे

कॉय परत आला. आज एकटाच. पाटी वाचून फाटकाशी थांबला आणि हाक दिली. मी त्याला पोर्चपर्यंत येऊ दिलं आणि जाळीच्या दाराला आतून कडी लावली.

"मिस रॉन्डा, आत येऊ का?"

"नाही."

हा शब्द त्या दारातून पहिल्यांदाच बाहेर पडला. आईने ऐकला असता तर काय म्हणाली असती?

"आज चहा नाही?"

"नाही."

"रागावलात."

"हो. रागावलेय."

त्याने पोर्चच्या खांबाला टेकून हॅट हातात फिरवली. "तुमचा भाऊ खुनी नाही, मला ठाऊक आहे. पण हजर राहीन म्हणून त्याने सही केली, आणि नाही राहिलो तर मला उचला, असंही त्याच सहीत आलं. दीडशे वर्षांपूर्वी सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय. जामीनदार त्याला रविवारीसुद्धा पकडू शकतो. वेळ आली तर घराचं दार मोडून."

"त्याच्या घराचं. हे माझं घर आहे. दार मोडलंत तर तुम्ही घरफोडे ठरता, जामीनदार नाही. आणि त्या निकालानंतर माझ्या राज्याने तुमचा धंदाच बंद केला."

"तेही ठाऊक आहे. म्हणून तर जाळीच्या या बाजूला उभा आहे." त्याने डोंगराकडे पाहिलं. "मला घाई नाही. डेकोरेशन बाविसला ना? सकाळी अकराला?"

"माझ्या पोर्चवरून उतरा. निघा."

या वेळी नेमका शब्द वापरला. तो लगेच निघाला. म्हणजे शब्दाने काम होतं. त्या मंगळवारी मला तो सुचला नाही.

त्याला अकरा कसे कळले? चर्चच्या फलकावर तारीख आहे, पण वेळ लिहिलेली नाही. विचारलं असेल कुणाला तरी. सगळ्यांनाच माहीत असतं.

रविवार, १५ मे

पलीकडच्या जिल्ह्यातल्या एका वकीलबाई काल फोनवर बराच वेळ बोलल्या. आर्लिस आपल्या पायांनी तिथल्या तुरुंगात जाऊन हजर झाला तर न्यायाधीश त्याला शरण आलेला माणूस समजेल आणि मामाची जमीनही सुटेल. जामीनवाल्यांनी बांधून नेलं तर तो पळालेला ठरेल, आणि त्याला पुन्हा कोणी जामीन देणार नाही. खटला चालेपर्यंत आतच. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. टेनेसीतसुद्धा या लोकांना मोकळं रान नाही. माणूस धरण्याआधी त्या जिल्ह्याच्या शेरीफकडे जाऊन सगळे कागद दाखवावे लागतात.

म्हणजे सगळं एका गोष्टीवर आलं. आधी तो तुरुंगाच्या दारात पोचतो की कॉय त्याच्यापर्यंत पोचतो.

मी आर्लिसला म्हटलं, सोमवारी, तेविसला, मी रजा घेते, वकीलबाई येतील, आपण जाऊ. रविवारी तू घरात राहा.

"सिस, आईचं पहिलं डेकोरेशन आहे."

"मातीवर फुलं मी घालीन तुझ्या नावाने."

"तिच्यामुळे मी कोर्टात गेलो नाही असं सगळ्यांना सांगतेस. आता कोर्टामुळे तिच्याकडे गेलो नाही असं सांगू?"

मग उद्याच का नाही जायचं, असं मी विचारलं. तो म्हणाला, "आत गेल्यावर मला कोण सोडेल डेकोरेशनला?"

झोप नाही. कायदा माझ्या बाजूचा आहे म्हणजे मी बरोबर आहे असं होत नाही. त्याने गाडी चालवली होती. तारीख चुकवली होती. मामाने आपल्या जमिनीवर त्याची हमी घेतली आणि हा दोन महिने माझ्या घरात माझ्या हातचं खातोय. मी त्याला कॉयपासून लपवतेय की न्यायाधीशापासून? पण आईचा खण आठवला की हे सगळे प्रश्न मागे पडतात. ते बरं नाही, हेही कळतं.

शुक्रवार, २० मे

वाँडाच्या घरी क्रेप कागदाची फुलं करून मेणात बुडवली. बोटं भाजली. मामा दारात उभा राहून विचारत होता, आधी फुलं की आधी जेवण? आर्लिस गटाबरोबर वर येईल की मागून? वाँडा म्हणाली, "पप्पा, तुम्हाला काय लग्नाची वरात काढायचीय?" त्याला साखर आहे, जेवायला उशीर झालेला सोसत नाही. मी म्हटलं, मामा, तुमचं ताट आधी वाढीन. तो अंगणात गेला.

रविवार, २२ मे

सगळं नीट लिहायचं आहे. हात दुखला तरी.

आर्लिस आलाच. पांढरा शर्ट, बाबांचा टाय. आम्ही फुलं वाहिली. आईच्या थडग्यावरची माती अजून बसलेली नाही. तो गुडघे टेकून हाताने ती थापत बसला. टेबलांवर तळलेली कोंबडी, उकडलेली भरली अंडी, सफरचंदाचा सात थरांचा केक. सगळे होते, म्हणजे पंधरा-वीस गाड्यांतून आलेली माणसं.

स्तोत्र सुरू झालं तेव्हा टेनेसीच्या बाजूच्या फाटकाशी कॉयची पिकअप येऊन थांबली. तो उतरला आणि फाटकाबाहेरच हॅट काढून उभा राहिला. शेवटच्या कडव्यापर्यंत हलला नाही. ओठ हलत होते. शब्द येत असावेत त्याला.

मग तो आत आला. हातात बेड्या होत्या. मी वाटेत उभी राहिले.

"मिस रॉन्डा, हे तुमचं घर नाही."

"नाही. आज सकाळी या जिल्ह्याच्या शेरीफला कागद दाखवलेत?"

"ते ओळखतात मला."

"ओळख मी विचारली नाही. कागद दाखवलेत का?"

तो थांबला. वाँडाने आधीच शेरीफच्या कचेरीत फोन लावला होता. तिने तो सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला. पलीकडची बाई म्हणाली, नाही, आज कुणी आलेलं नाही.

"ऐकलंत?" वाँडा म्हणाली. "म्हणजे आत्ता तुम्ही फक्त पिस्तूल लावून आमच्या जेवणात घुसलेला एक माणूस आहात. कोंबडी हवी असेल तर बेड्या खाली ठेवा."

कुणीतरी हसलं. कॉय हसला नाही, पण चिडलाही नाही. "माझा माणूस गावातच आहे. अर्ध्या तासात दाखवेल कागद. मी फाटकाशी थांबतो. डोंगरावरून रस्ता एकच उतरतो."

तो गेला आणि पिकअप वाटेच्या तोंडावर आडवी लावून फोनवर बोलत बसला.

मी आर्लिसला म्हटलं, कुंपण ओलांड. पंचवीस पावलांवर केंटकी आहे. घरात जा, उद्या आपण ठरल्याप्रमाणे जाऊ.

"तिच्यासमोर कुंपणावरून उडी मारून पळू?"

"मग काय करणार?"

"तुरुंग रविवारी उघडा असतो ना?"

मग व्हर्लमामा पुढे आला. त्याने ताटाला हातही लावला नव्हता. "बस माझ्या गाडीत," तो म्हणाला. "पुढे बस. दिसेल असा."

मामाने गाडी सुरू केली, दिवे लावले. भर दुपारी. आमच्याकडे अंत्ययात्रेच्या गाड्या अशा दिवे लावून जातात आणि वाटेतला प्रत्येक जण थांबून वाट देतो. मागे वाँडाने लावले. मग बाकीच्यांनी. ठरवलं कुणीच नव्हतं. टेबलं तशीच टाकून, एकेक करत, माणूस पोचवायला जातात त्या गतीने आम्ही दफनभूमीच्या फाटकाकडे निघालो.

मी मामाच्या मागच्या सीटवर होते. कॉयने फोनवरून मान वर केली, दिव्यांची रांग पाहिली, आणि फोन टाकून पिकअप मागे घेतली, इतक्या घाईने की मागचं चाक चरात गेलं. उतरून तो रस्त्याकडेला उभा राहिला, हॅट छातीशी. आम्ही त्याच्यापासून हातभर अंतरावरून गेलो. त्याने काचेतून आर्लिसकडे पाहिलं. मला खात्री आहे, त्याने त्याला ओळखलं. हॅट छातीवरच राहिली.

खालच्या हमरस्त्यावर समोरून येणारा ओंडक्यांचा ट्रक थांबला. ट्रॅक्टरवरच्या एका म्हाताऱ्याने इंजिन बंद केलं. मला लाज वाटत होती, कारण ही अंत्ययात्रा नव्हती. आम्ही कुणाला ती आहे असं सांगितलंही नव्हतं. एवढं पुरतं का? खोटं न बोलता फसवणं म्हणजे काय हे मी मुलांना कसं शिकवीन? तरी मी मामाला दिवे बंद करा म्हणाले नाही.

गावाच्या वेशीशी मागे वळून पाहिलं. रांगेच्या शेवटी, वाँडाच्या भावाच्या मागे, कॉयची पिकअप होती. तिचेही दिवे लागलेले. पुढे घुसायला जागा होती. तो घुसला नाही.

तुरुंगाच्या खिडकीमागच्या जेलरने विचारलं, "याला कुणी आणलं?"

"मी आलो," आर्लिस म्हणाला.

कॉय तोवर आत पोचला होता. "कंपनीच्या वतीने मी इथे..." त्याने सुरुवात केली.

"इथे तुम्ही नंतर आलात," मी म्हणाले. "हा स्वतःच्या पायांनी आधी आला. तसंच लिहा. मी वाचून मगच जाईन."

जेलरने कॉयकडे पाहिलं. कॉयने हातातल्या बेड्या कमरेला अडकवल्या. मग म्हणाला, "बाई बरोबर सांगतायत. तो आधी आला."

जेलरने लिहिलं. मी वाचलं. आर्लिसने टाय सोडून माझ्या हातात दिला आणि तो आत गेला.

सोमवार, २३ मे

लेस्टरचा फोन आला. कालची गोष्ट दोन्ही राज्यांत पसरली आहे.

"मिस प्रुइट, आता ती तक्रार मागे घ्याल ना? माणूस हॅट काढून उभा राहिला, दिवे लावून तुमच्यामागे आला. जेलरसमोर खरं बोलला."

"तो रविवार होता, लेस्टर. माझी तक्रार मंगळवारची आहे."

"तुम्ही फार कडक गुण देता."

"त्यालाही आणि मलाही. मी 'निघा' म्हणाले नव्हते, तेही त्यात लिहिलंय. ठरवू दे कुणाला काय ठरवायचं ते. मागे घेणार नाही."

मी फोन ठेवला आणि आईच्या रिबिनी गुंडाळून परत खणात लावल्या.

मंगळवार, २४ मे

कोर्ट. न्यायाधीश वयस्क, बाईच. जामीन-कंपनीच्या वकिलाने आरोपी आमच्या प्रयत्नांमुळे हजर झाला असं म्हणून पाहिलं. न्यायाधीशांनी जेलरची नोंद वाचली आणि त्याला बसायला सांगितलं.

"मार्चात का आला नाहीत, मिस्टर प्रुइट?"

"आई मरत होती, मॅम."

"त्यानंतर?"

वकीलबाईंनी त्याला काही पढवलं नव्हतं.

"त्यानंतर घाबरलो. दुसरं कारण नाही."

त्यांनी कागदावर काही लिहिलं. मग निकाल दिला. आधीचा जामीन संपला, जामीनदार मोकळा. नवा जामीन लागणार नाही, आरोपीच्या शब्दावर सोडलं. खटला जुलैत. "त्या दिवशीही असेच चालत या," त्या म्हणाल्या.

बाहेर मामाची गाडी उभी होती. जमीन सुटली हे वाँडाने त्याला फोनवर कळवलं होतं, पण तो स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून नुसता बसला होता. आर्लिस पुढच्या सीटवर बसला. मी मागे.

"पोरा," मामा म्हणाला. "तो कॉय त्या दिवशी रॉन्डाच्या घरी आला ना, त्याला... मी..."

"ठाऊक आहे, मामा," आर्लिस म्हणाला. "मला परवाना नाही. गाडी तुम्हीच चालवा."

काय ठाऊक आहे, असं मी मागून विचारलं. मामा रडत होता. बिचाऱ्याच्या मनावर जमिनीचं ओझं किती होतं हे मला आज कळलं. आर्लिसने खिडकीची काच खाली केली आणि हद्द ओलांडून घरी येईपर्यंत मामाच्या खांद्यावरचा हात काढला नाही.